मेल्या मेंढीचा कान

न्हाय सायेब, कुलूप हलवून उपेग न्हाय — किल्ली संभाच्या करदोड्याला, आन् संभा गेलाय जेवाया. संभा म्हंजी हितला वॉचमन, संभाजी. भिगवण रोडच्या हाटेलात बसला असंल मासं खात, आज बेस्तरवार, बाजारचा दिवस, गर्दी असनार — येतोय, जातोय कुठं. या हितं सावलीत. फटफटी उन्हात नका लावू, शीट तापतंय. बसा. थांबा, दगड पुसून देतो — हां. माजाच हाय दगड. दिवाळीपास्नं मी हितंच बसतो, ह्या बाभळीखाली, गेटाच्या बराबर समोर. समद्या एमायडीसीला ठावं हाय, ह्या तेजरथ कंपनीचा म्हातारा म्हंत्यात मला. कुनी येडा बी म्हंतं. म्हनूंद्या. नाव तात्याबा, लोणी भापकरचा, धनगर — म्हंजी व्हतो धनगर, कळप न्हाय ऱ्हायला तर धनगर तरी कशाचा, पर ते असूंद्या. तुमी मुंबईचं का? न्हाय? बॅग बगून म्हनलं. मागल्या म्हयन्यात असंच एक आल्तं, चकचकीत बूट, गेटातनं आत डोकावलं, फोटू काढलं, आन् दुसऱ्या दिशी तेजरथच्या शेअरचा भाव वर! व्हय! मी ष्ट्यांडाम्होरच्या बूथवरनं फोन लावून दलालाला इचारलं ना. तवा तुमी आलासा की माजं काळीज लकाकलं — म्हनलं आला, कंपनी इकत घ्यायाला कुनी तरी आला. बाहेरदेशाची मोठी मोटारकंपनी घेनार हाय म्हंत्यात. पेपरात आलंय. म्हंजी पेपरात न्हाय, पेपर वाचनारानं सांगितलंय.

तुमी कायबी असा, पर आत जानार असाल तर माज्यासाठनं एवढंच बगा — ती गाडी जिती हाय का मेली. बस. एवढंच. दुपारपतुर मला कळाया पायजे सायेब, दुपारी सारजा येनार हाय. सून माजी. मेंढरं घिऊन जळोचीच्या अंगाला उतरलीया, तिथनं येती. सांगतो, समदं सांगतो, घाई काय हाय, संभाला काय एवढ्यात जेवन सरायचं न्हाय.

ही शेड दिसती न्हवं, त्यात एकच गाडी हाय. नमुन्याची. पांढरी. हजार निघनार व्हत्या, एक निघाली. बॅटरीवरची — पेट्रोल न्हाय, धूर न्हाय, आवाज न्हाय. लोक हसायचं, म्हनायचं गावात आठ-आठ तास वीज न्हाय तर गाडीला काय कंदील लावनार का? हसूंद्या. मी हसनाऱ्यातला न्हाय. मी बगनाऱ्यातला. मेंढरू आजारी हाय का बरं हाय हे आमी त्येच्या लेंडीवरनं सांगतो, रवंथावरनं सांगतो, कान कसं धरतंय त्येच्यावरनं सांगतो — तसं मी ह्या कंपनीचं गेटावरनं सांगतो. संभाचा पगार येतोय का? येतोय, उशिरा, पर येतोय. म्हंजी कंपनीच्या मालकाचा जीव हाय हितं. गवत कापत्यात का? पावसाळ्यानंतर कापलं. रातच्याला दिवा असतो का? असतो. आन् सगळ्यात मोठं — संभा रोज सांजच्याला गाडीला चारजिंग लावतो. मालकानं जाताना सांगितलंय म्हनं, तिला उपाशी ठिवू नगंस. संभा त्यात बसून रेडिओ ऐकतो. आता तुमीच सांगा, मेल्याला कुनी चारतं का? पर मग चाक का हलत न्हाय? दोन वरसं हलल्यालं न्हाय सायेब. हितंच माजी मती खुंटती.

मी ती चालताना बगितलीया. व्हय, डोळ्यांनी. चौऱ्याण्णव साली. कळप घिऊन भिगवणकडं चाललो व्हतो, उजनीचं पानी हटलं की गाळपेरात गवत लई — आन् मागनं ही गाडी. कवा आली कळलंच न्हाय. ट्रक आला की मेंढरं उधळत्यात, यष्टी आली की उधळत्यात, साधी लूना आली तरी कान टवकारत्यात. हिला बगून एकानंबी मान वर केली न्हाय. समदा कळप हिच्या दोनी अंगांनी वाहत गेला, जशी ती गाडी न्हवंच, त्यांच्यातलीच कुनी हाय. एक कोकरू तेवढं चाकाला घासलं. तर मालक सोता खाली उतरला — पांढरा शर्ट, गोरापान गडी — त्यानं कोकरू उचललं, उराशी धरलं, शर्टाला सगळी घान. म्हनला, आजोबा, लागलं का हो ह्येला? सायेब, पन्नास वरसं मी रस्त्यानं मेंढरं नेली, मोटारवाल्याच्या तोंडनं शिवीशिवाय दुसरं काय ऐकलं न्हवतं. तवाच मी ठरीवलं. ज्या गाडीला मेंढरू बुजत न्हाय ती गाडी खोटी नसनार. हसला का? हसा. रवींद्र गुरुजीबी हसलं व्हतं, आमच्या गावच्या शाळंवरचं — पर त्यांनीबी घेतलं बरं का शेअर, थोडं. इशू निघाला तवा बारामतीत रांग लागली व्हती फारमाला. मी अर्धा कळप मोडला आन् घेतलं.

आन् माजं बगून गावानं घेतलं. हितं खरं सुरू व्हतं बगा. कुनाला फारम भरता येतो? कुनाचं बँकेत खातं हाय? समदी मंडळी माज्याकडं आली. धोंडाबाई आली, रांडमुंड बाई, पोरीच्या लग्नाचं ठिवल्यालं घिऊन आली. भिगवणचा आबाजी आला — मासळीचा धंदा त्याचा, त्याच्या रानात आमची मेंढरं बसायची खताला, तवाची वळख. म्हनली, तात्याबा, तुमच्या कळपात आमचंबी एक सोडा. ह्योच शबुद. कळपात सोडा. आन् मी म्हनलो, सोडा. जीभ काय हाडाची न्हाय, म्हनून बसलो.

आता हे तुमाला कसं कळावं. आमच्यात चाल हाय सायेब. लोक आपली मेंढरं धनगराच्या कळपात ठिवत्यात, वाट्यानं. कानाला ज्याची त्याची खाच असती. मेंढरू वाढलं, कोकरं झाली, तर दोघांची. पर मेलं तर? लांडग्यानं नेलं, रोगानं गेलं — रानात कोन बगतंय? धनगरानं इकून खाल्लं आन् मेलं म्हनून सांगितलं तर? म्हनून कान. मेल्या मेंढीचा कान कापायचा, खाचेसकट, आन् मालकाच्या हातावर ठिवायचा. कान दाखीवला की धनगर सुटला. मालकानं तोंडातनं शबुद काढायचा न्हाय. आन् कान न्हाय दाखीवता आला — तर आपल्यातली जिती मेंढी द्यायची, त्याच वयाची, गुमान. माज्या बानं दिली, आज्यानं दिली. दुष्काळात सोता उपाशी ऱ्हायला पर दिली. आन् ह्याच्याहून एक वंगाळ हाय — जित्या मेंढीचा कान कापून दाखीवनं. त्या मानसाला आमच्यात पानी कुनी देत न्हाय. त्येचं नाव कुनी पोराला ठिवत न्हाय. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या भावकीतल्या एकानं केलं तसं, त्येचं घर आज कुठं हाय ते इचारा. न्हाय. कुठंच न्हाय.

मग झालं काय — मालकाचा भागीदार फिरला. मोटार त्यानं काढल्याली म्हनं, बॅटरीचं डिझाईन त्याचं म्हनं, मालक म्हंतो माजं. गेलं दोघं कोर्टात. कोर्टानं मनाई केली — गाडी करायची न्हाय, इकायची न्हाय, मशीनला हात लावायचा न्हाय. भाव पडला. पडला म्हंजी काय पडला, आडात बादली सोडावी तसा. रोज तारीख. आज जज्ज बदलला — भाव वर. उद्या वकील आजारी — भाव खाली. दलाल म्हंतो, तात्या, निकाल लागला की दहापट. दुसरा म्हंतो, रद्दीत घाला. ह्या दोघांत मी. आन् मग एक दिवस धोंडाबाई दारात. पोरीचं ठरलं व्हतं. म्हनली, तात्याबा, माजं मेंढरू द्या. मी काय सांगू तिला? मेलं म्हनू? मेलं असतं तर कान दाखीवला असता. मेल्यालं न्हाय. जितं म्हनू? मग आन की. तिचं शेअरचं कागद मी घेतलं आन् वाघरीतनं, मेंढरं कोंडायच्या जाळीतनं, मेंढ्या सोडून तिच्या म्होरं केल्या. माज्यातल्या. चांगल्या, गाभन.

ते गावभर झालं. मग काय, रांग. इशूच्या फारमाला लागली व्हती तशी, आता माज्या दारात. गुरुजी आलं मला समजावाया — म्हनलं, तात्या, असं नसतं हो, शेअर म्हंजी ज्याची त्याची जोखीम, तुमी काय कंपनी न्हाय. मी म्हनलो, गुरुजी, तुमचं बी घिऊन जावा. ते म्हनलं, मला तुमची मेंढी नको. आन् गेलं. त्यांच्या डोळ्यात पानी व्हतं का काय कुनास ठावं. एवढं एकच मानूस, ज्यानं न्हाय घेतली. माजा पोरगा, नागेश — तो वालचंदनगरला कारखान्यात लागलाय, त्यानं तर बोलनंच टाकलं. म्हनला, बाबा, तुमी एकटंच मार्केट झालाय. कुनी इकत न्हाय तर तुमी घेताय. घेतो. मग? कुनी तरी घ्याया नको का?

न्हाय — खरं सांगू? तुमी परकं मानूस, तुमाला सांगाया काय. निसती चाल न्हवती सायेब. थोडी हाव बी व्हती. मनात यायचं — निकाल लागला, गाडी सुटली, तर ह्या समद्या गावाचं कागद माज्या पेटीत. मग तात्याबा काय चीज हाय ते बगंल बारामती. मेंढी देताना तोंड धनगराचं, आन् पोटात दलाल. हे आजवर मी कुनापुढं बोललो न्हाय. तुमच्यापुढं का बोललो कुनास ठावं. ऊन लई हाय.

तर कळप सरला. माजा सरला. आता वाघरीत हायती त्या सारजेच्या. लग्नात तिच्या आयेनं दिल्याल्या — आमच्यात पोरीला माहेरची मेंढी देत्यात, गळ्यात घुंगरू बांधून, आन् त्या मेंढीची जी वाढ व्हईल ती तिची. नवऱ्याची न्हाय, सासऱ्याची न्हाय. त्येला हात लावायचा नसतो. बाहत्तरलाबी माज्या बानं माज्या आयेच्या मेंढीला हात लावला न्हवता. आन् आबाजी ऱ्हायलाय. शेवटचा. आज बाजारात थांबनार हाय. मी बोलून बसलोय त्याला — बेस्तरवारी ये, घिऊन जा. कुठनं देनार हे काय बोललो न्हवतो. आज सकाळी सारजेला सांगितलं. वाटलं रडंल, भांडंल. न्हाय रडली. म्हनली, मामंजी, ती गाडी मेली असंल तर कान दाखवा आबाजीला आन् सुटा. आन् जिती असंल — तर मी देते. तुमच्या शब्दाला मी आड यायची न्हाय. पर आधी बगून या, जिती का मेली. मी दुपारी मेंढरं घिऊन गेटापाशी येते. — एवढं बोलली आन् भाकरी बांधून दिली मला. ही बगा, अजून तशीच हाय, सोडली बी न्हाय.

काय? बॅगत काय म्हनला? लाख? सील ठोकायची? — तुमी कोर्टाचं? बेलीफ? अरं माज्या देवा! मग आधी नाय का सांगायचं! सायेब, मग तुमाला तर ठावं असनार — निकाल लागला? लागला का? कंपनी बुडाली? बुडाली असंल तर सांगा, मी वाईट वाटून घ्यायचा न्हाय, उलट — पाया पडतो सायेब, मेली म्हना. हे गावभराचं कागद मी हितंच जाळतो, ती पेटी जाळतो, मला काय नगं. निसतं मेली म्हना, आन् तिचा एक तुकडा द्या आतला, कोर्टाच्या हातनं दिल्याला. आबाजीच्या हातावर ठिवतो. सारजेची मेंढरं ऱ्हात्यात. वाचा, वाचा, हुकूम वाचा.

जैसे थे.

म्हंजी? मराठीच हाय, कळतंय मला, पर म्हंजी काय? जशी हाय तशी. पर कशी हाय? तेच तर इचारतोय मी! जिती हाय तर जिती, मेली हाय तर मेली, म्होरली तारीख — जूनला? जूनपतुर सील? आन् मी? आज बेस्तरवार हाय सायेब, जून न्हाय. आबाजी बाजारात हुबा हाय. त्याला काय सांगू, जैसे थे? कोर्टाला बरं हाय, दोन शबुद लिवलं आन् उठलं. धनगराला असं लिवता येत न्हाय. त्याला एक तर कान द्यावा लागतो न्हाय तर मेंढी.

पंच? मला म्हंता? पंचनाम्याला दोन पंच लागत्यात, एक संभा आन् एक मी. आत जायाचं, गाडी बगायची, जशी हाय तशी हाय म्हनून अंगठा द्यायचा. अंगठा कशाला, सही करतो मी. न्हाय — न्हाय करत. मला न्हाय जमायचं. का म्हंजी काय, न्हाय जमायचं. दुसरं बगा कुनी. त्या टपरीवाल्याला घ्या. — कमरंला काय? कातर हाय. लोकर कापायची. धनगराच्या कमरंला कातर असतीच, त्यात बगाया काय हाय. असं बगू नका सायेब माज्याकडं. तुमी तिकडनं आत गेलासा की दिसनारच हाय. सांगतो. मीच सांगतो.

मघाशी, तुमी यायच्या आधी. संभा जेवाया गेला आन् मी मागल्या अंगानं तारंखालनं आत गेलो. चोरी न्हाय करायची व्हती. म्हनलं, दोन वरसं हललं न्हाय ते मेल्यालंच हाय, कोर्ट कवा सांगायचं — आपन कापू. डाव्या दाराला काठावर रबर असतंय बगा, काळं, मऊ, कानावानीच. टीचभर कापलं. हे बगा. पटक्यात ठिवलंय. लई हलकं हाय. मनात म्हनलो, झालं, सुटलो, सारजेचं वाचलं. आन् एकदा म्हनून दार उघडलं. कशाला उघडलं! उघडलं — आन् आत दिवा लागला. छताला. बारका, पिवळा. माज्या तोंडावर उजेड पडला सायेब. आन् माज्या हातात तिचा कान.

संभानं चारजिंग लावलंय म्हनून? ठावं हाय मला. पर चारा टाकला तर मेल्यालं खातं का? खाल्लं न्हवं तिनं? मग! मी दार लावलं. परत उघडलं. परत लागला. तीन-चार डाव केलं मी तसं, येड्यावानी. मग हितं येऊन बसलो. तुमी आलासा तवा तुमच्या तोंडनं ऐकायचं व्हतं — मेली. कोर्टानं म्हनलं असतं तर त्या दिव्याला मी खोटं पाडलं असतं. तुमी म्हंता जैसे थे.

आली. ऐका — घुंगरू. म्होरकीचं, कळपाच्या पुढं चालती ती मेंढी. तीच ही, सारजेच्या आयेनं दिल्यालीची नात. त्या टपरीच्या अंगानं. आली सारजा.

हे घ्या सायेब, धरा, घ्या की! ठिवा तुमच्या बॅगत न्हाय तर लावा जिथलं तिथं, आन् पंचनाम्यात काय लिवायचं ते लिवा, माजं नाव लिवा, तात्याबा, लोणी भापकर. माज्या हातावर नगं ऱ्हायाला. हातावर ऱ्हायलं तर मी दाखवीन. अजून दाखवीन मी, तुमाला ठावं न्हाय.

ये गं. सावलीत घे त्यास्नी. पानी प्यालीस का? — न्हाय पोरी. न्हाय मिळाला कान. जिती हाय ती. म्या सोता बगितलं, दिवा लागतोय आत. हे कोर्टाचं सायेब हायती. त्यास्नी काय इचारू नगंस, ते काय सांगत न्हायती. —  शिव्या दे. दे की सारजे. — बरं. मग वळीव बाजाराकडं. आबाजी थांबलाय. — ते घुंगरू कशाला सोडतीस? ऱ्हाऊं दे की तिच्या गळ्यात. ऱ्हाऊं दे म्हनतो न्हवं. —

तुमी जावा सायेब. तो बगा संभा आला किल्ली घिऊन. जावा आत. हिकडं बगू नका.